दादासाठी अ‍ॅम्प्लिफायर

माझ्या थोरल्या भावाचं सगळं आयुष्य आवाजात गेलं. पनवेलजवळ कोन गावात आमचं घर आहे, तिथून तो साऊंडचा धंदा करायचा. आजूबाजूच्या कुठल्याही गावात हळदीचा मांडव पडला की दादाचा टेम्पो तिथे उभा असायचा. पंचवीस-तीस वर्षं तो माणसाच्या उंचीच्या स्पीकरशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला. कानात कापूस घाल म्हटलं तर हसायचा. "मंग मना ऐकू कसं येनार?"

पण घरात तो वेगळा होता. मागच्या खोलीत त्याने स्वतः जोडलेला एक जुना अ‍ॅम्प्लिफायर होता, लाकडी खोक्यातला, उचलताना कंबर धरेल इतका जड. त्यावर तो दुपारी जेवून झाल्यावर अगदी बारीक आवाजात गाणी ऐकायचा. मांडवातलं संगीत लोकांसाठी, हे माझ्यासाठी, असं म्हणायचा. त्याचं सर्वांत आवडतं रेकॉर्डिंग त्याने स्वतःच केलेलं होतं. गावच्या देवळातलं भजन, आणि मृदंगावर आमचे वडील, आबा. आबा गेले त्याच्या आदल्या वर्षीचं. कॅसेट खराब व्हायला लागली तेव्हा मी ते सीडीवर उतरवून आणलं होतं.

करोनानंतरच्या एका पावसाळ्यात दादा म्हणायला लागला की अ‍ॅम्प्लिफायर गेला. आवाज येतो, पण त्यात जीव नाही. त्याने खोकं उघडलं, कपॅसिटर बदलले, स्पीकरच्या वायरी बदलल्या. मग एका कारागिराकडे नेला. कारागीर म्हणाला, यात काही बिघाड नाही. दादा त्याच्यावरच चिडून परत आला.

"तू एक नवा शोध," त्याने मला सांगितलं. "मना आता डोळ्यांनी ते बारीक अक्षर वाचता येत नाय. आवाज भरदार पायजे. खालून वरपर्यंत भरलेला."

मी पनवेलला शाळेत शिकवतो. या विषयातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. लहानपणापासून कान दादाचा होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला स्पीकरचा कागद फाटला तरी त्याला घरात बसून समजायचं. त्याने मला काही निवडायला सांगावं हेच मला मोठं वाटलं. महिनाभर मी शाळेतून आल्यावर वाचत होतो. व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर गोड वाजतात असं सगळे लिहीत होते, पण दादाला ते नको होते. "त्या काचेच्या दिव्यांची नाटकं कोन करनार? ट्रान्झिस्टरवाला घे, सॉलिड स्टेट. पन कोरडा वाजनारा नको." मग मी कोरडा न वाजणारा सॉलिड स्टेट शोधू लागलो. वॉटच्या आकड्यावर भुलायचं नाही, आत ट्रान्सफॉर्मर केवढा आहे ते बघायचं, एवढं मला हळूहळू कळलं.

नवीन पनवेलात एक दुकान सापडलं. तिथे बसून ऐकू देत होते. एका शनिवारी सकाळी मी दादाला घेऊन गेलो. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सीडी रुमालात गुंडाळून आणली होती.

दुकानदार चाळिशीचा, मन लावून काम करणारा माणूस होता. त्याने दादाला मधल्या खुर्चीत बसवलं आणि पहिला अ‍ॅम्प्लिफायर लावला. डब्याएवढा, हलका. आवाज स्वच्छ होता, पण मृदंग पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. मलाही तो आवडला नाही. दादाने हात हलवला. दुसरा बराच मोठा होता, पण त्यात नुसता खर्ज घुमत होता आणि भजन म्हणणाऱ्या बुवांचे शब्द त्यात बुडत होते. दादाने पुन्हा हात हलवला.

तिसरा दुकानदाराने आतून आणला, दोन्ही हातांनी छातीशी धरून. "काका, हा ऐका. याच्यापुढे माझ्याकडे काही नाही."

बुवांनी अभंग उचलला आणि मी सरळ होऊन बसलो. आबांचा डावा हात पडला. कणीक लावलेल्या बाजूचा तो ओला, खोल ठोका थेट पोटात येत होता. बुवांच्या आवाजातली खरखर, पेटीचा भाता, मागे कुणीतरी खोकलेलं, सगळं आपापल्या जागी होतं. आणि या सगळ्यावर टाळ. आठ-दहा जोड्या, इतके लखलखीत की दुकान भरून गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबा जाऊन किती वर्षं झाली, आणि ते पाच फुटांवर मांडी घालून बसले होते.

मी दादाकडे बघितलं. तो कपाळाला आठ्या घालून, मान पुढे काढून ऐकत होता.

"टाळ कुठं हायत?" तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"टाळ. याच्यात टाळच वाजत नायत. आनि बुवा काय बोलतात ते कलत नाय. घोंगडीखालनं आवाज येतो. वाढव जरा."

दुकानदाराने आवाज वाढवला. दादाने बोटाने आणखी वाढवायची खूण केली. काचेचं दार थरथरायला लागलं. रस्त्यावरची दोन माणसं थांबून आत बघू लागली. माझ्या कानात टाळ सुईसारखे टोचत होते.

"नाय," दादा म्हणाला. "याच्यात पन नाय."

दुकानदाराने आणि मी एकमेकांकडे बघितलं. मग त्याने आवाज हळूहळू बंद केला. दादाने आमची ती नजर पकडली. माझ्या तोंडाकडे, मग दुकानदाराच्या तोंडाकडे त्याने बघितलं आणि खाली बघत सीडी परत मागितली. ती रुमालात गुंडाळायला त्याला बराच वेळ लागला.

रिक्षात तो एवढंच म्हणाला, "तुला ऐकू येत व्हते?"

"हो."

"सगले?"

"सगळे, दादा."

कानाच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. कागदावर रेघ डावीकडून थोडी सरळ गेली आणि मग कड्यावरून पडल्यासारखी खाली आली. बारीक, उंच आवाज संपले होते. "आतल्या पेशी मेल्यात," डॉक्टर म्हणाले, "त्या परत येत नाहीत. मशीन लावा, बोलणं थोडं समजेल."

"आनि गानं?" दादाने विचारलं.

डॉक्टरांनी खरं सांगितलं. "गाण्याचं काही सांगता येत नाही, काका."

मशीन घेतलं. त्यातून वहिनीचं बोलणं त्याला निम्मंअर्धं कळायचं, पण त्यातून भजन म्हणजे पत्र्यावर खडे टाकल्यासारखं, असं तो म्हणाला. आठवड्यात मशीन डबीत गेलं.

मी तरीही तो तिसरा अ‍ॅम्प्लिफायर आणला. का ते मला आजही सांगता येत नाही. वाटलं, घरी, त्याच्या खोलीत, त्याच्या खुर्चीत कदाचित फरक पडेल. दादाने स्वतः जोडणी केली, ट्रेबल शेवटपर्यंत फिरवला आणि आवाज इतका चढवला की वहिनी ओट्यावरचं काम टाकून अंगणात जाऊन उभी राहिली. असं पंधरा दिवस चाललं. तिचं डोकं दुखायचं, ती बोलली नाही. शेजारी बोलले. मग एका रविवारी मी गेलो तर दादाने अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा खोक्यात भरून दाराशी ठेवला होता.

"तू घेऊन जा. मी नुसता जोर लावतो. त्याचा काय दोष हाय?"

"राहू दे इथेच. मी आलो की लावू."

"नको," तो म्हणाला. "समोर दिसतो आनि तरास व्हतो."

त्याच महिन्यात त्याने मांडवाचं सामान विकलं. टेम्पो गेला त्या दिवशी तो घरात नव्हता, मुद्दाम नेऱ्याला मेहुण्याकडे जाऊन बसला होता.

अ‍ॅम्प्लिफायर आता माझ्या फ्लॅटमध्ये आहे. तो फार सुंदर वाजतो. दादाला जसा हवा होता तसाच, खालून वरपर्यंत भरलेला. मी तो क्वचितच लावतो, आणि लावला की चोरी केल्यासारखं वाटतं.

गेल्या दिवाळीत दादा आणि वहिनी जेवायला आले. मी भजन लावलं होतं आणि ते यायच्या आत बंद करायचं राहून गेलं. दादा चालू अ‍ॅम्प्लिफायरसमोर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "आबा हायत काय?"

मी हो म्हणून मान हलवली.

"सांग ना, आता काय चाललंय?"

मी त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगू लागलो. बुवांनी चरण घेतला. आबा दुगुनीत गेले, दुप्पट लयीत. आता सगळे टाळ एकदम आले. माझे शब्द दोन मिनिटांतच संपले. जोरात वाजतंय, छान वाजतंय, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. त्याला त्यातलं किती कळलं माहीत नाही. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

मग त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तुझा घसा बसेल."

वहिनीने आतून पानं वाढल्याची हाक मारली. मी हात धुवायला उठलो.