गोळी लागू पडेल का?

चष्मा कपाळावर सरकवून डॉक्टरबाई पहिलाच प्रश्न विचारायच्या, "वडील घ्यायचे का?" जुगार सोडवायला आलेला माणूस चपापायचा. आपण मोबाइलवर रमी खेळतो, त्यात वडिलांची दारू कुठून आली?

कासारवाडीतल्या त्यांच्या दवाखान्यात मी समुपदेशक होते. मानसोपचाराच्या दवाखान्यात तुम्ही कधी बसला असाल तर पाहिलंच असेल, तिथे प्रत्येकाला गोळी हवी असते आणि सोबत गुण येण्याची खात्री. बाई गोळी द्यायच्या, खात्री नाही. दारूची तल्लफ कमी करणारी एक गोळी काही जुगाऱ्यांनाही चालते, पण नेमकी कुणाला, हे आधी ओळखणं अवघड. घराण्यात दारू असेल, खेळण्याआधी जीव कासावीस होत असेल, तर बाईंना आशा वाटायची. खोदून खोदून विचारायच्या, मत बनवायच्या आणि वर सांगायच्या, "अंदाज आहे हं, वचन नाही."

चाकणच्या एका कंपनीतला ऑपरेटर बायकोबरोबर आला. मूळचा बीडकडचा, बोलायला मोकळा. क्रिकेटच्या मॅचवर मोबाइलवरून पैसे लावायचा. वडील दारूतच गेलेले. मॅच सुरू व्हायच्या आधी तोंडाला कोरड पडते, अंगठा आपोआप मोबाइलवर जातो, म्हणाला. बायकोने या वेळी माहेरी जायची बॅग भरून ठेवली होती. ऐकता ऐकता बाईंचा चेहरा खुलला. यकृताची तपासणी करून त्यांनी गोळी सुरू केली आणि मला म्हणाल्या, याला लागू पडणार.

नाही पडली. बायको रोज स्वतःच्या हाताने गोळी द्यायची, बाईंनी डोसही वाढवून पाहिला, तरी तो खेळतच राहिला. एका दुपारी आला तो मान खाली घालूनच. औषधाचाही उपयोग होत नाही म्हणजे खोट माझ्यातच आहे, असं काहीसं पुटपुटला. बायको भिंतीकडे बघत राहिली.

बाई टेबलामागून उठल्या आणि त्याच्या शेजारी येऊन बसल्या.

"माझा अंदाज चुकला," त्या म्हणाल्या. "गोळी नापास झाली. तुम्ही नाही झालात."

रुग्णासमोर, तेही त्याच्या बायकोच्या देखत, इतकं सरळ कबूल करणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. तो कितीतरी वेळ रडला. बाईंनी घाई केली नाही. मग गोळी बंद करून त्यांनी त्याला माझ्याकडे सोपवलं.

सुट्टीच्या दिवशी नवराबायको माझ्याकडे येऊ लागले. स्मार्टफोन बायकोकडे गेला, त्याच्याकडे बटणांचा आला. मॅचच्या वेळी दोघं पायी फिरायला निघत. मध्ये तो घसरलाही, पण लपवायला न जाता सांगायला आला. बाई डबा खाताना त्याची चौकशी करायच्या. आपलं कुठे चुकलं, हा विचार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. हळूहळू तो सावरला. एखादा महिना न खेळता गेला की बाईंच्या दारात डोकावून तेवढं सांगून जायचा. बॅगेतले कपडे परत कपाटात गेले.

गेल्या उन्हाळ्यात अल्पशा आजाराने बाई गेल्या. दवाखान्यातच आम्ही लहानशी शोकसभा ठेवली. तो पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या कपड्यांतच आला आणि दाराशी उभा राहिला. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आला.

"ताई, काही वाईट झालं तर तुमच्याकडं येईन," तो म्हणाला. "पण चांगलं झालेलं आता कुणाला सांगू?"