उजवी भिंत

फोटो काढला की अण्णा आधी चेहरा बघायचे नाहीत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तळहाताची सावली धरून कोपऱ्यातला उजेडाचा आलेख बघायचे. त्याला ते डोंगर म्हणत. "डावीकडं अंधार, उजवीकडं उजेड. डोंगर कुठंबी असू दे, उजव्या भिंतीला टेकला की जळालं. जळालेलं परत येत न्हाय."

येरमाळ्यात त्यांचा स्टुडिओ. नववीतून शाळा सोडून ईट गावाहून आलेल्या मला त्यांनी हाताशी धरलं. आज हैदराबादेत साबणाचे फोटो काढतो, ते त्याच पुण्याईवर. इथला शेट कधी काढून टाकील या धास्तीनं अजूनही दर फोटोला डोंगर तपासतो.

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडं फोटोत माणूस ओळखू नाही आला तरी चालतं, गोरा आला पाहिजे. समोरच्या स्टुडिओवाल्याला हे बरोब्बर कळलं होतं. त्याच्या अल्बमात नवरी, नवरदेव, करवल्या, सगळी पिठात बुडवून काढलेली. नाक शोधावं लागे. गर्दी तिकडंच.

एकदा एक पुढारी वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी आले. सावळा चेहरा, कडक पांढरा सदरा. कार्यकर्ते म्हणाले, साहेबांना उजळ करा. अण्णा म्हणाले, "करतो की. पण सदऱ्याची बटनं जातील." साहेब उठून समोर गेले. हायवेवर फ्लेक्स लागला. सदरा आभाळात मिसळून गेलेला, नुसतं मुंडकं तरंगत होतं. लोकांनी हार घातला, पण गळा सापडेना.

अण्णांच्या घरी काकू वैतागायच्या. "लोकास्नी गोरं करा की. तुमचं काय जातंय?"

अण्णांच्या गालांवर देवीचे वण. भिंतभर लोकांचे चेहरे, त्यांचा एकही नव्हता. गाव सोडताना मी हट्टानं मोबाइलवर एक काढला. "डोंगर दिसंना ह्याच्यात," ते कुरकुरले, पण हसले.

यंदा उन्हाळ्यात अण्णा गेले. मला सुट्टी मिळाली नाही. काकूंना तोच फोटो पाठवला. तो मोठा करायला समोरच्याकडंच गेला, दुसरं आहे कोण? त्यानं मान राखून, पैसे न घेता, जीव ओतून काम केलं. आयुष्यात कुणाला केलं नसेल इतकं गोरं अण्णांना केलं.

तेराव्याला काकूंनी व्हिडिओ कॉलवर फ्रेम दाखवली. मागं पाहुणे म्हणत होते, लई छान आलेत. काकू हार बाजूला सारून काचेवरून बोट फिरवत राहिल्या.

"पोरा, वण कुठं गेलं रं ह्यांचं?"

माझ्याकडचा फोटो होता तसाच इथं छापायला टाकलाय. छापणाऱ्यानं दोनदा विचारलं, जरा उजळ करू का.