उंबऱ्यावरची चूल

काल मंचरला हायवेवर कोंबडी भाजल्याचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा फिरलं.

आमचं गाव धरणात गेलेलं. वैशाखात पाणी उतरलं की काळ्या कड्यांखाली आमच्या घराच्या उंबऱ्याचा दगड उघडा पडायचा, आई त्याला हळद-कुंकू वाहायची. मी लहान असताना एका वर्षी पुण्याहून सहलीला आलेल्या एका पाहुण्यानं त्यावरच कोंबडी भाजायला चूल मांडलेली. शेजारी तंबू, रंगीत होडी.

आबांनी हात जोडले. "भाऊ, ह्यो आमचा उंबरा हाय."

"धरणातल्या दगडाला कसला आलाय मालक?" तो हसला.

निघताना त्यानंच गाडीकडची वाट विचारली. धरणाच्या सुकल्या तळात गुरांच्या खुरांमागंच चालायचं, बाकी गाळ वरून सुका नि आत दलदल, हे आमच्यात पोरंही जाणतात. आबा बोलायच्या आधी मीच भेगाळलेला गाळ दाखवला. "सरळ जावा." दहा पावलांत तो मांडीपर्यंत रुतला.

तेव्हा मी घाबरले होते. आज वाटतं, कमरेपर्यंत तरी रुतायला हवा होता.

आबांनी पागोटं सोडून त्याला ओढून काढलं. एवढ्यावर मी त्याला विसरलेही असते. पण मग आबा त्याचे बूट धुवायला बसले, आमच्याच उंबऱ्यावर.