पत्र्याखालचा फोम

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅसची टाकी आली की मी ती काट्यावर ठेवून घेते. दूधवाला दूध घालताना त्याचा अंगठा मापाच्या आत आहे की बाहेर, हे बघते. नवरा फौजेत, वर्षातले दहा महिने बाहेर. घरात एकटी बाई दिसली की ज्याला त्याला वाटतं, हिला गंडवावं. म्हणून मी ठरवूनच टाकलं, आपणच आधी संशय घ्यायचा.

आमचं गाव मेढ्याच्या पलीकडे, महाबळेश्वरच्या पायथ्याला. इथल्या पावसापुढे कौलं टिकत नाहीत. दर पावसाळ्यात घरभर पातेली मांडून बसायचं. इतकी वर्षं ते चालून गेलं, पण यंदा लेक गरोदर होती. तिला मिरजेत दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण विहीणबाईंनी डोहाळजेवणाआधीच सुनावलं, "मिरजेत पावलापावलावर दवाखाने हाईत. ओली बाळंतीण गळक्या घरात कशाला न्यायची?" बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. घरावर पत्रा पडला तर लेक येणार, नाही तर नाही.

साताऱ्यातून तिघांचे दर आणले. सगळ्यात स्वस्तवाल्याचा संशय आला, हा पातळ पत्रा घालणार. सगळ्यात महागवाल्याचा आला, हा लुटणार. शेवटी मधल्याला बोलावलं. तेव्हाही मनात आलंच, हा मुद्दामच मधला दर सांगत असेल.

तो पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. भिंती मापायला टेप काढली, तेव्हा दुसरं टोक मी धरलं.

"वैनी, तुमी कशाला? माझा गडी हाय की."

"असू दे. मीच धरते."

त्यानं कागदावर एकेक ओळ लिहिली. पत्रा, लोखंडी पाइप, स्क्रू, टेम्पोभाडं, मजुरी. सगळे मिळून दोन लाख सात हजार. त्यातच शेवटची ओळ होती, पत्र्याखालचा फोम, बावीस हजार.

"हे काय?"

"पत्र्याच्या खालनं बसतो. उन्हाळ्यात घर तापत न्हाई, आन् पावसाचा आवाज दबतो. तुमच्याकडं पाऊस लय. घाला, असं माझं म्हणणं हाय."

मला वाटलं, पाणी इथंच मुरतंय. पत्रा डोळ्याला दिसतो, पाइप मोजता येतो. हा फोम एकदा वर गेला की पुरा घातला की अर्धा, कोण बघायला जाणार? नवरा तर फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता, "सगळं मापून घे, मोजून घे." जे मोजता येत नाही ते घ्यायचंच नाही, असं मी ठरवलं.

"आवाजानं काय कुणी भिजत न्हाई," मी म्हटलं. "खोडा ती ओळ."

नुसती खोडायला लावली नाही, तर शेजारी त्याची सहीसुद्धा घेतली. त्यानं सही केली आणि म्हणाला, "बरं. घर तुमचं हाय."

चार दिवस काम चाललं. मी अंगणात खुर्ची टाकून बसून होते. टेम्पोतून उतरलेले पत्रे मोजले, वर चढलेले मोजले. कापून उरलेले तुकडेसुद्धा ठेवून घेतले, ते अजून गोठ्यामागं पडलेत. तो एका तरी गोष्टीत चुकावा, असं मला वाटत होतं. पण तो चुकला नाही.

वैशाखात विहीणबाई घर बघायला आल्या. मान वर करून आढ्यापासून वळचणीपर्यंत सगळं बघितलं. माझ्यासारखीच बाई ती, पण तिलाही काही सापडलं नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत लेक माहेरी आली.

घरात एक थेंब गळला नाही. पण पाऊस लागला की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागायचं. लेक हसायची, "आई, बघणाऱ्याला वाटंल आपण दोघी भांडतोय." मीही हसायचे. माझे बावीस हजार वाचले होते ना.

आषाढातल्या एका दुपारी मी भाकरी करत होते. सकाळपासून पावसानं उसंत घेतली नव्हती. लेक न्हाणीत गेली होती. सहा भाकरी झाल्या, पिठलं झालं, मग मी तिला जेवायला हाक मारली. तिनं ओ दिली नाही. वाटलं, आवाजात ऐकू गेलं नसेल. जाऊन बघते तर ती भिंतीला टेकून खाली बसलेली, एक हात पोटावर. पाय घसरला होता. दुसऱ्या हातातला तांब्या फरशीवर आपटून आपटून चेपला होता.

"आई, किती हाका मारल्या तुला," एवढंच म्हणाली.

न्हाणी आणि गॅसची शेगडी यांच्यात दहा पावलंही नसतील.

तिला तसंच साताऱ्याला नेलं. पोटातलं बाळ सुखरूप होतं, तिचंही मुक्या मारावर भागलं. पण दुसऱ्या दिवशी जावई गाडी घेऊन आले. आल्या आल्या बॅगा उचलल्या. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "घर बघाया मी आले हुते. पण उन्हाळ्यात आले हुते."

बाळंतपण मिरजेत झालं. नात झाली. मला माझाच इतका राग आला होता की बारशाला गेले तेव्हाही लेकीच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. सगळ्यांना एवढंच सांगितलं, पाऊस फार होता. त्या ओळीबद्दल नवऱ्यापाशीही तोंड उघडलं नाही.

आता लेकीचा फोन आला आणि पाऊस असला, की मी छत्री घेऊन शेजारणीकडे जाते. तिचं घर अजून कौलांचं. गळणाऱ्या जागा चुकवून पाट टाकून बसते. तिथं नातीचे हुंकार नीट ऐकू येतात.

परवा फोन ठेवला, तर शेजारणीनं एक कागद पुढं केला. तीही पत्रा घालणार आहे, त्याच माणसाकडून. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो फोम कशाला गं? उगाच बिल फुगवलंय न्हवं?"

"दुसरं काय बी खोड," मी म्हटलं, "पण ती ओळ खोडू नगंस."

तिनं डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. "का गं? तुला कमिशन देतोय व्हय त्यो?"

तिच्या जागी मी असते, तर हेच विचारलं असतं. मी पाट तिच्याजवळ ओढला आणि चेपलेल्या तांब्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.