डावा इंडिकेटर

बाबांच्या जुन्या गाडीचा डावा इंडिकेटर आज मेकॅनिकने दहा मिनिटांत सुरू केला. बल्ब चांगला होता, फ्यूजही शाबूत होता. दिव्यामागची अर्थिंगची वायर तेवढी गंजून सुटली होती. "एवढंच होतं, काका. इतकी वर्षं तशीच का चालवलीत?" त्याने विचारलं. बाबांनी खिशातून पैसे काढून दिले.

ती सगळी वर्षं आई शेजारी बसायची. डावं वळण आलं की बाबा म्हणायचे, "हात." मांडीवरच्या शेंगा सोलता सोलता आई खिडकीतून हात बाहेर काढायची, आणि मागच्या गाड्या मुकाट थांबायच्या. मी दुरुस्तीचं नाव काढलं की तीच चिडायची, "मग मी काय नुसती बसू?" बिघाड किती लहान असतो, आणि त्याच्या आधाराने दोन माणसं किती लांबवर जातात!

आई जाऊन वर्ष झालं. येताना तिच्या जागेवर मी बसले होते. घराच्या वळणावर बाबांनी इंडिकेटर लावला. तो टिकटिक करत असतानाच गाडी हळू करून, समोर बघत ते म्हणाले, "हात."

मी काच खाली केली आणि हात बाहेर काढला.