पलीकडच्या टीव्हीवर तीन मॅच

विनू गेमपायी मेला असं ज्यांना म्हणायचंय, त्यांनी आधी मला अनफ्रेंड करावं.

आज त्याचं वर्षश्राद्ध. बनारसला ब्रह्मा घाटावरच्या त्याच्या घरी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो आणि त्याचे मोठे काका भर पंगतीत म्हणाले, "गेमपायी गेला पोरगा. आता ती खोली तरी मोकळी करा."

तिथे पंगत होती, म्हणून उत्तर इथे लिहिते.

काका, विनूच्या किडन्या जन्मापासून लहान होत्या. तो आठ वर्षांचा असताना डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा त्याने जॉयस्टिकला हातसुद्धा लावला नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही फायटिंग गेम खेळतो. स्क्रीनवर दोन माणसं, दोन खेळणारे, एक हरतो.

विनूचा गेम टू-डी. पुढे या, मागे जा, हातातून आगीचे गोळे सोडा. अर्धा वेळ कुणी कुणाला मारतच नाही, नुसता अंदाज घेतात.

माझा थ्री-डी. बाजूला सरकता येतं, आणि समोरच्याला एकदा हवेत उडवलं की खाली पडूच द्यायचं नाही, हाणत राहायचं.

आम्ही टू-डीवाल्यांना पेन्शनर म्हणायचो. ते आम्हाला बटणबडवे.

त्यांच्यात हरलेला माणूस हात मिळवतो आणि गप्प बसून आपली चूक शोधतो. आमच्यात हरलेला आधी कंट्रोलरला शिव्या देतो, मग नेटला, मग सख्ख्या भावाला.

पण खरं सांगते, त्यांच्याकडे नवीन माणूस आला तर तासभर कुणी विचारत नाही. आमच्याकडे पहिल्याच दिवशी समोसा मिळतो, आणि कॉम्बो, म्हणजे एकामागून एक जोडलेले ठोसे, शिकवायला तिघं धावतात.

एका बाबतीत मात्र दोघं सारखे. मुंबई-पुण्याची मंडळी ऑनलाइन आमच्या कनेक्शनची लाल रेघ बघायची आणि मॅच नाकारायची. "बनारस? लॅग आहे यार, ठोसा उशिरा पोचतो."

विनू म्हणाला, "ठीक आहे. मांडीला मांडी लावून बसू. त्यात कुठला लॅग?"

त्याने घरातली पुढची खोली मागितली. ती कशी मिळाली तेही ऐका.

या गेममध्ये एका सेकंदाचे साठ तुकडे असतात. कुठला ठोसा कितव्या तुकड्याला लागतो हे पाठ असावं लागतं. विनू ते बोटांच्या पेरांवर मोजायचा, डोळे मिटून, पुटपुटत.

त्याचे वडील, अण्णा, वेद शिकवतात. त्यांना वाटलं पोरगा जपाला लागला. दोन महिने अख्ख्या घाटाला सांगत फिरले, "चिरंजीव सुधरले हो!"

कळलं तेव्हा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "म्हणून दाखव."

विनूने म्हणून दाखवलं. सुलट, मग उलट. एकही आकडा चुकला नाही.

अण्णा म्हणाले, "विषय भलता आहे. मेहनत खोटी नाही." आणि रविवारी खोली आमची झाली.

दोन जुने टीव्ही. एकावर त्याचा गेम, एकावर माझा. आणि विनूचा एकच नियम.

आपल्या टीव्हीवर बसण्याआधी पलीकडच्या टीव्हीवर तीन मॅच खेळायच्या. मन लावून. टाळाटाळ केली तर मॅच धरली जाणार नाही.

पहिल्या रविवारी एकाने मला विचारलं, "किसके साथ आई हो?" मी काही बोलायच्या आत विनू म्हणाला, "तुम्हें हराने आई है. बैठो." बसला, आणि हरलाही.

सहा महिन्यांत पेन्शनर आणि बटणबडवे एकाच पुडीतून चणे खायला लागले.

मग डायलिसिस सुरू झालं. डाव्या हाताला सुया, आणि स्टिक फिरवायची डाव्याच हाताने. विनू तरी यायचा. दर रविवारी.

शेवटच्या रविवारी मी त्याच्या टीव्हीवर बसले होते. तो इतका दमला होता की तिसरी मॅच मी सोडली. मुद्दाम मार खाल्ला.

त्याने हात मिळवला नाही.

"दया आली का तुला?"

"नाही रे."

"झूठ मत बोल. दोन झाल्या, ही धरत नाही. परत खेळ."

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी खेळू."

पुढचा रविवार आलाच नाही. आयुष्यात मी इतकी मोठी चूक दुसरी केलेली नाही.

तर आज. पंगतीत काका बोलले. अण्णांनी शांतपणे पान पुढे सरकवलं.

"दादा, सकाळी पिंड दिला. आता त्याची मंडळी आलीत. रविवार आहे, त्यांना बसू दे. खोली मोकळी होणार नाही."

काका उठून गेले. आम्ही टीव्ही लावले.

मी विनूच्या टीव्हीवर बसले. दोन मॅच नीट खेळले. तिसरीत डोळे भरून आले, स्क्रीन दिसेना, हात सोडून दिले. हरले आणि उठायला लागले.

कोपऱ्यात अण्णा बसले होते. अंगठा बोटाच्या दुसऱ्या पेरावर.

"मृणाल, दोन झाल्या. ही धरत नाही. परत खेळ."

खाली श्रद्धांजली लिहायला येणाऱ्यांनो, ती इथे नको. रविवारी चार वाजता या, आधी पलीकडच्या टीव्हीवर तीन मॅच खेळा.

विनू, मी परत बसले. मन लावून खेळले. हरले.

ही धर.