हात न लावता

डॉक्टरने माझ्या पायाला हात लावला नाही. खुर्चीतूनच पेन रोखलं आणि म्हणाला, "चालत आलीस ना? मग काही तुटलेलं नाही."

मी कळंबकडच्या एका तांड्यावरची. शेतातल्या ओल्या बांधावरून उतरताना एक पाय पुढे सटकला, अंग कमरेतून दुमडलं आणि मांडीच्या मागे, अगदी वर, फटकन आवाज झाला. मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी पडली. वाकता येईना, बसता येईना. आमचं सगळं काम वाकून. वाकणं गेलं तर मी खाणार काय? याडी, माझी आई, कापूस वेचायला गेली होती. तिची मजुरी बुडवून सोबत चल म्हणायला माझी जीभ रेटली नाही. यवतमाळपर्यंत बसमध्ये उभीच आले, एकटी.

"मले वाकताच येत नाही, साहेब. ऑपरेशन लागते काय?"

तो शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांकडे बघून हसला. "ऑपरेशन खेळाडूंचं करतात. तुला कुठे मेडल आणायचंय? तुम्हा तांड्यावरच्यांचे पाय दगडाचे. तेल चोळ, जा."

तेही हसले. लाज मलाच वाटली. त्याचा राग अजून जात नाही.

माझ्यामागून कॉलेजचा एक खेळाडू आला, त्याचे सर सोबत. त्याचंही दुखणं मांडीच्या मागेच. त्याला टेबलावर पालथं झोपवलं. डॉक्टरने बोटांनी मांडी चाचपली, गुडघा दुमडायला सांगून पाय हाताने अडवून धरला. पडदा अर्धाच ओढलेला. मी दारात उभी राहून पाहत होते.

"स्नायू मध्ये थोडा फाटलाय," तो सरांना म्हणाला. "आरामाने भरेल. वर हाडापासून सुटला असता तर ऑपरेशन करावं लागलं असतं, तेही लवकर."

म्हणजे हे हात लावून ठरतं. मग माझं कशावरून ठरलं? लुगड्यावरून?

टेबल रिकामं झालं तशी मी आत गेले आणि पालथी पडले.

"मलेबी तसंच पाहा. हात लावून पाहा, मंग नाही म्हना."

"ए बाई, ऊठ," नर्स ओरडली. मी टेबलाची कड धरून ठेवली.

शेवटी तो आला. हातमोजे घातले. त्या पोराला तपासताना घातले नव्हते. बसायच्या हाडाखाली त्याचं बोट टेकलं आणि खड्ड्यात गेलं. गुडघा दुमडून धर म्हणाला. मला धरवला नाही.

एमआरआय झाला. स्नायू हाडापासून पार सुटून खाली सरकला होता. ऑपरेशन झालं. चुकलं, असं तो एकदाही म्हणाला नाही.

ऑपरेशनआधी सहीच्या वेळी विचारलं होतं, नातेवाईक कोण? मीच, म्हटलं. शेजारच्या खाटांवर घरचे डबे यायचे. याडी एकदा येऊन गेली, शेवटची बस गाठायची म्हणून लगेच उठली. टाके मागे, म्हणून पालथीच पडून मी भिंतीकडे तोंड करून रडले. पोटावर झोपलेल्या माणसाचे अश्रू कोणाला दिसत नाहीत.

टाके सुकल्यावर तपासणीला गेले. त्याने मान वर केली नाही.

"चालतेस ना? छान. जा."

मी टेबलावर जाऊन पालथी पडले.

"हात लावून पाहा, साहेब. त्याच्याबिगर मी उठत नाही."

बाहेर रांग खोळंबली. नर्स पुन्हा ओरडली. मी उठले नाही. पुढच्या वेळीही उठणार नाही.